मुळीमावशी दोनदा विचारायची

या, असे पुढे सरका. मागे उभं राहून ऐकायची ही गोष्ट नाही. गुडघ्याला गुडघा लावून बसायचं आणि ऐकायची. देवाने माणसाला जीभ दिली ती चव घ्यायला आणि खरं बोलायला. पहिलं काम आपण चोख करतो, दुसऱ्याची टाळाटाळ चालते. एका बाईने अशीच एक टाळाटाळ केली, तीही नवऱ्यावरच्या मायेपोटी, आणि त्यापायी काय काय उद्ध्वस्त झालं ते सांगायचं आहे. गोष्ट कडू आहे. पण काढा कडू लागला म्हणून तुम्ही अर्ध्यावर थुंकत नाही ना? मग हीसुद्धा शेवटपर्यंत घ्या.

एका उताराच्या गल्लीच्या तोंडाशी घड्याळजींचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. डाव्या हाताला घड्याळजी भिंग डोळ्याला लावून बसायचे, उजव्या हाताला त्यांचा धाकटा भाऊ किल्ल्या करायचा. इकडे टिकटिक, तिकडे करकर. वरच्या दोन खोल्यांत तिघांचं घर. मूलबाळ नव्हतं, धाकट्याने लग्न केलं नव्हतं. तो भावजयीला वहिनी म्हणायचा, म्हणून सगळी गल्लीच तिला वहिनी म्हणायला लागली. तिच्याहून वीस वर्षांनी मोठा असलेला पोस्टमनसुद्धा खालून ओरडायचा, "वहिनी, पत्र!"

घड्याळजी वेळेचे इतके पक्के, की गल्लीतले लोक म्हणायचे, यांना शिंकसुद्धा ठरल्या मिनिटालाच येते. आणि नेमकं याच माणसाच्या छातीतलं घड्याळ चुकायला लागलं. ठोके कधी धावायचे, कधी अडखळायचे. डॉक्टरबाईंनी तपासलं, हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली आणि रक्त पातळ करायची गोळी दिली. "रोज रात्री जेवल्यावर एक. चुकवायची नाही," त्या म्हणाल्या. "आणि हिच्याबरोबर दुसरं काहीही घ्यायचं नाही मला विचारल्याशिवाय. सांधेदुखीची गोळी तर अजिबात नाही."

घोडं अडलं ते इथेच. घड्याळजींची बोटं त्या वर्षी धरायला लागली होती. आधी सकाळची, मग दिवसभर. चिमट्यात धरलेला स्क्रू, जो मुंगीच्या डोक्याएवढा असतो, तो सुटून फरशीवर पडायचा आणि दोघे भाऊ गुडघ्यांवर रांगत शोधायचे. डॉक्टरबाईंनी मलम दिलं, गरम पाण्यात बोटं बुडवायला सांगितलं. उपयोग एवढाच, की हात स्वच्छ राहिले.

एका दुपारी वहिनी चहा घेऊन खाली आली तर घड्याळजी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. समोर एक मनगटी घड्याळ पोट उघडून पडलं होतं.

"काय झालं हो?"

"काही नाही. हात लपवून ठेवलेत. दिसले की राग येतो."

हसत म्हणाले. वहिनीलाही हसू आलं. पण वर जाऊन तिने नळ सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. चाळीस वर्षं त्या माणसाने दुसरं काही केलं नव्हतं. बोटं गेली तर तो दिवसभर करणार काय? भिंतीवरची घड्याळं बघणार?

आता मुळीमावशीकडे येऊ. बाजार संपतो तिथे पाण्याच्या टाकीचा जिना होता, आणि जिन्याखाली एका बुटक्या स्टुलावर ती बसायची. पुढ्यात बरण्या, मागे फडक्यांची गाठोडी. पाटी नाही, फोटो नाही, 'सर्व रोगांवर रामबाण' असली बडबड नाही. तिच्याकडे गेलात तर ती आधी नखं बघायची, मग जीभ, मग पायाची सूज अंगठ्याने दाबून बघायची. बऱ्याचदा सगळं बघून म्हणायची, "हे माझ्या मुळीचं काम नाही. मशीनचं काम आहे. आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठा." इस्त्रीवालीच्या नवऱ्याला तिने असंच हाकललं होतं, आणि त्याचं फुटायला आलेलं आतडं वेळेवर कापलं गेलं. हे लक्षात ठेवा. इस्त्रीवालीच्या लक्षात राहिलं नाही.

तिची एक रीत होती. ती एकच प्रश्न दोनदा विचारायची. "डॉक्टरची कुठली गोळी चालू आहे?" हे एकदा रोग्याला. मग म्हणायची, "आता उद्या घरचं माणूस घेऊन या." आणि तोच प्रश्न त्याला. लोक वैतागायचे. कुणी म्हणायचं, "मावशी, औषध घ्यायला आलोय की जामीन द्यायला?" तर म्हणायची, "माणूस स्वतःच्या पोटाबद्दल खोटं बोलतो बाबा. पोट आपलं असतं, लाज वाटते. दुसऱ्याच्या पोटाबद्दल खोटं बोलायला माणूस जरा घाबरतो."

घड्याळजी तिच्याकडे गेले आणि आपल्या पोटाबद्दल खोटं बोलून आले. घरी येऊन त्यांनी वहिनीला सगळं सांगितलं, अगदी शांतपणे, जसं बिघडलेल्या घड्याळाचं कारण गिऱ्हाइकाला सांगावं.

"तिच्याकडे एक तांबडी मुळी आहे. तिनं बोटं दाबून बघितली, म्हणाली, सुटतील. पण गोळीचं कळलं तर देणार नाही. आणि डॉक्टरबाईंना मुळीचं कळलं तर आकाशपाताळ एक करतील. दोघी शहाण्या आहेत. दोघींच्या शहाणपणात मी सापडलोय."

"अहो, पण दोन्ही पोटात गेल्यावर?"

"एकदम कुठे जातायत?" घड्याळजींनी कागद काढला. त्यावर आधीच आखणी तयार होती. "ही बघ. गोळी रात्री साडेआठला. काढा सकाळी साडेआठला. मधे बरोबर बारा तास. गोळी येते, काम करते, निघून जाते. मग मुळीची पाळी. दोघींची गाठच पडत नाही."

ज्याचं सगळं आयुष्य तासा-मिनिटांत गेलं त्यालाच ही चूक सुचावी! दुसरा कुणी असता तर घाबरला असता, नाहीतर विसरला असता, निदान एखादा दिवस चुकला असता. यांनी चूकसुद्धा घड्याळ लावून केली. वहिनीने तो कागद पाहिला. नीट आखलेल्या रेघा, सुबक आकडे. इतक्या नीटनेटक्या गोष्टीत काही वाईट असेल असं तिला वाटेना. खरं सांगायचं तर वाटलं. पण मांडीखाली दाबलेले ते हात तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

दुसऱ्या दिवशी ती जिन्याखाली जाऊन बसली. मुळीमावशीने तिचा हात आपल्या हातात घेतला. मावशीचा तळवा खरखरीत होता, आणि गरम.

"वहिनी, माझ्याकडे बघा. यांना कुठली गोळी चालू आहे? रक्त पातळ करायची, हृदयाची, कसलीही?"

"नाही."

"नक्की? ही मुळी गुणाची आहे, पण हट्टी आहे. सूज उतरवते, सांधा मोकळा करते, आणि रक्तही पातळ करते. दुसऱ्या कुणी तेच काम चालवलं असेल तर हिला थांबायचं कळत नाही."

इथे वहिनीला मान खाली घालून 'हो' म्हणता आलं असतं. एक अक्षर. ते घशापर्यंत आलंही.

"नाही हो मावशी. खोटं कशाला बोलू?"

मुळीमावशीने हात सोडला. "तुम्ही म्हणता म्हणजे नाहीच." तिने फडकं सोडलं, मुळीचे सात तुकडे मोजून पुडी बांधली. "आठवड्याचे. एका वेळी जास्त देत नाही. हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर निळं उठलं, तर त्याच दिवशी बंद. आणि मला येऊन सांगायचं. लाजायचं नाही."

आणि गुण आला! आधी हे कबूल करायला हवं. नाहीतर गोष्ट खोटी होईल. तिसऱ्या आठवड्यात घड्याळजींनी सकाळी उठून मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली आणि वहिनीच्या नाकापुढे बोटं नाचवली. "बघ, बघ! अंगठा करंगळीला भेटायला जातोय." त्या दिवशी त्यांनी एका आजोबांचं जुनं भिंतीवरचं घड्याळ उघडलं, जे वर्षभर कपाटावर धूळ खात पडलं होतं. चार दिवसांनी ते ठोके द्यायला लागलं. धाकटा म्हणाला, "दादा, आता जरा हळू. माझ्या किल्ल्यांपेक्षा तुझीच गिऱ्हाइकं वाढली." वहिनी दर आठवड्याला पुडी आणायला जायची तेव्हा मुळीमावशी विचारायची, "हिरड्या?" वहिनी म्हणायची, "ठीक." मावशी म्हणायची, "निळं?" वहिनी म्हणायची, "काही नाही." एकदा का पहिलं खोटं गेलं, की पुढच्यांना वाट सापडते.

कारण हिरड्या ठीक नव्हत्या. सहाव्या आठवड्यात घड्याळजींचा ब्रश गुलाबी व्हायला लागला. दंडावर एक निळा डाग उठला, मग मांडीवर. वहिनी म्हणाली, "अहो, हे तिनं सांगितलं होतं तेच." घड्याळजी बाही खाली ओढत म्हणाले, "टेबलाचा कोपरा लागला असेल. आणि बंद केलं तर बोटं परत लाकडाची होतील. तू बघितलं नाहीस का ते आजोबांचं घड्याळ?"

डॉक्टरबाईंकडे रक्ताची तपासणी होती. त्यांनी कागद बघितला आणि चष्मा काढला.

"रक्त फारच पातळ झालंय. इतकं व्हायला नको या गोळीनं. काही वेगळं खाताय का? काढा, पाला, मुळी, कुणी दिलेलं चूर्ण?"

घड्याळजींनी नुसतं बायकोकडे बघितलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत ते असं बघत तेव्हा त्याचा अर्थ एकच असायचा: तू बोल, मला जमत नाही.

"नाही हो डॉक्टर," वहिनी म्हणाली. "घरचंच जेवण."

डॉक्टरबाईंनी गोळी अर्धी केली, आठ दिवसांनी परत बोलावलं आणि बजावलं, "डोक्याला मार लागू देऊ नका. छोटासा लागला तरी धावत या." रोग हल्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हे. गोळी अर्धी झाली, मुळी पुरी राहिली.

पाचव्या दिवशी दुकानाचं शटर अर्धवट वर असताना घड्याळजी खाली वाकून आत शिरले आणि उठताना कडेवर डोकं आपटलं. फार नाही. "आई गं" म्हणाले, चोळलं, कामाला बसले. धाकट्याने चेष्टा केली, "दादा, शटर बदलू की डोकं?" वहिनीला कुणी सांगितलंच नाही. दुपारी ती चहा घेऊन खाली आली तेव्हा घड्याळजींच्या हातातून चिमटा गळाला. त्यांनी तो उचलायला बघितलं, पण हात पुढे आलाच नाही. ते काहीतरी बोलले. शब्द असे निघाले, की जणू तोंडात ओला कापूस भरलाय.

इस्पितळात कवटी उघडली, साकळलेलं रक्त काढलं. जीव वाचला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ज्या बोटांसाठी एवढं केलं तीच पलंगाच्या कडेला दुसऱ्याची असल्यासारखी पडून राहिली.

धाकटा दुकानातून कागदपत्रं आणायला गेला आणि दादाच्या खणात त्याला पुडी सापडली. तो ती मुठीत धरून इस्पितळात आला. "हे काय? वहिनी, हे काय?"

"मुळी आहे, भाऊजी. बोटांसाठी."

"कुणी दिली?"

वहिनीने सांगितलं. सांगताना तिला वाटलं, आता पुढचंही सांगून टाकावं. पण धाकट्याला पुढचं ऐकायचंच नव्हतं. भावाच्या डोक्याला गुंडाळलेलं बँडेज बघून त्याला कुणावर तरी धावून जायचं होतं, आणि पलंगावरच्या माणसावर धावून जाता येत नाही.

बाजारात तो पोचला तेव्हा मागे अर्धी गल्ली होती. इस्त्रीवाली सगळ्यात पुढे. वहिनीही होती, तिला कुणी आणलं की ती आपणहून गेली, हे तिला नंतर आठवेना. मुळीमावशी स्टुलावर बसून एका पोराच्या आजीची जीभ बघत होती.

"विष विकतेस काय गं?" धाकटा ओरडला. "माझ्या भावाचं डोकं फोडलंस तू!"

मावशी उठली. "घड्याळजींना काय झालं?" हा तिचा पहिला प्रश्न. तोच तिने पुन्हा विचारला. मग कुणीतरी सांगितलं. ती खाली बसली, स्टुलावर नाही, जमिनीवर.

"गोळी चालू होती त्यांना?"

"रक्त पातळ करायची. वर्षभर!" धाकटा म्हणाला. "विचारायला नको होतं देण्याआधी?"

"विचारलं होतं," मुळीमावशी म्हणाली. "त्यांनाही विचारलं, यांनाही विचारलं. इथेच, हात हातात घेऊन. वहिनी, सांगा ना."

सगळ्यांनी मान वळवली. वहिनीला दिसलं, की आता इथे जे बोललं जाईल ते कायमचं होईल. खरं बोललं तर उद्यापासून गल्ली म्हणेल, बायकोनेच विष घातलं. धाकटा आयुष्यभर एका छताखाली राहील आणि तिच्या हातचा घास घेताना थांबेल. आणि पलंगावरचा माणूस सगळं ऐकेल.

"मला… आठवत नाही," वहिनी म्हणाली. "गर्दी होती त्या दिवशी."

मुळीमावशी तिच्याकडे बघत राहिली. लोकांना वाटलं, आता ही शिव्या देईल, छाती पिटेल. ती एवढंच म्हणाली, "काढा बंद केलात ना? तो आधी बंद करा."

मग बरण्या फुटल्या. पहिली धाकट्याने फोडली, बाकीच्या कुणी फोडल्या ते विचारू नका. गर्दीच्या हाताला नाव नसतं. गाठोडी नाल्यात गेली. इस्त्रीवाली म्हणाली, "मी पहिल्यापासून म्हणत होते, या बाईचा भरवसा नाही." बाजाराच्या कमिटीने दुसऱ्या दिवशी जिन्याखाली बसायला बंदी केली. महिन्याभरात तिथे एक टाय घातलेला माणूस टेबल टाकून बसला. तो बंद बाटल्या विकायचा. बाटलीत काय आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. तो कुणाला काही विचारत नसे, म्हणून लोकांना तो फार आवडला. "काय माणूस आहे," लोक म्हणायचे, "एका मिनिटात मोकळं करतो."

घड्याळजी घरी आले. वहिनी त्यांना भरवायची, पुसायची, कूस बदलायची. त्यांना सगळं कळत होतं. धाकटा पलंगाशी बसून सांगायचा, "दादा, तिला पळवून लावलं बघ." तेव्हा घड्याळजी डोळे मिटून घ्यायचे आणि मिटलेल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी यायचं. धाकट्याला वाटायचं, दादाला समाधान वाटलं.

चार महिने वहिनीने ते पाणी पुसलं. मग एका सकाळी ती एकटीच डॉक्टरबाईंकडे गेली आणि खुर्चीवर न बसताच सगळं बोलून मोकळी झाली. दोन्ही 'नाही' सांगितले. साडेआठ आणि साडेआठचा तो कागदही सांगितला.

डॉक्टरबाईंनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "वहिनी, गोळी बारा तासांत निघून जात नाही हो. ती दिवसचे दिवस रक्तात राहते. आणि रक्त एकच असतं. त्याला तुमचं वेळापत्रक वाचता येत नाही."

"त्या मुळीनं गुण आला होता," वहिनी म्हणाली. का म्हणाली कुणास ठाऊक.

"आला असेल. मी कुठे नाही म्हणते? सांगितलं असतंत तर काहीतरी बघितलं असतं. गोळी बदलता आली असती का, बोटांसाठी दुसरं काही देता आलं असतं का... निदान त्या बाईंशी बोलले असते. रागावले असते, हे खरं. पण रागावण्याने कुणाच्या डोक्यात रक्तस्राव होत नाही." त्यांनी पेन उचललं, कागदावर काही लिहिलं, आणि लिहितालिहिता त्यांचं पेन थांबलं. "मीही नुसतं विचारून सोडून दिलं. घरून औषधं पिशवीत घालून आणा म्हणायला हवं होतं."

वहिनी घरी आली आणि धाकट्याला सांगितलं. तो किल्ली घासत होता. करकर थांबली.

"हे कुणाला बोललात?"

"डॉक्टरबाईंना."

"आता आणखी कुणाला बोलायचं नाही. चार लोकांत बरण्या फोडल्यात मी, वहिनी. मी कुठे तोंड दाखवू?" आणि पुन्हा करकर सुरू झाली, पहिल्यापेक्षा जोरात.

तरी ती बोलली. इस्त्रीवालीच्या दारात उभी राहून म्हणाली, "मावशीनं विचारलं होतं हो. मीच खोटं सांगितलं." इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली, पदराने डोळे टिपले. "काय मन आहे तुमचं वहिनी! जिनं नवऱ्याला लोळागोळा केलं तिचं पापसुद्धा स्वतःवर घेताय. देवमाणूस आहात." संध्याकाळपर्यंत ही कीर्ती गल्लीभर झाली. पोस्टमन खालून हाक मारायचं सोडून जिना चढून पत्र द्यायला लागला. आता सांगा, माणसाने खरं बोलायचं ठरवलं आणि लोकांनी त्याचीच पूजा मांडली, तर त्याने कुठे जावं?

वहिनी मुळीमावशीच्या शोधात गेली. बाजारातल्या एका हमालाने सांगितलं, ती बसच्या शेवटच्या थांब्याकडे राहायची. तिथे विचारत विचारत वहिनी एका खानावळीच्या मागच्या अंगणात पोचली. मुळीमावशी कांद्यांच्या ढिगापुढे बसून कांदे सोलत होती. वहिनीला बघून तिने सुरी खाली ठेवली.

"घड्याळजी कसे आहेत?"

"आहेत. डावा हात हलतो."

"गिळता येतं?"

"पातळ गिळतात."

"मान उंच करून भरवत जा. घाई करू नका."

वहिनी तिथेच चिखलात बसली. "मावशी, मी खोटं बोलले. तुमच्याशी बोलले, डॉक्टरबाईंशी बोलले, मग बाजारात बोलले. आता खरं सांगते तर कुणी ऐकत नाही. तुम्ही चला माझ्याबरोबर. जिन्याखाली बसा. मी शेजारी उभी राहते आणि येईल त्याला सांगते."

मुळीमावशीने तिला उठवायचा प्रयत्न केला नाही, आणि दूरही ढकललं नाही.

"बसायचं काय, बसेन कुठेही. मुळ्या नाल्यात गेल्या तरी रानात पुन्हा उगवतील. पण परवा इथली भांडीवाली आली माझ्याकडे. तिचीही बोटं धरलीत. घरात थोडी मुळी होती. मी विचारलं, गोळी चालू आहे का? म्हणाली, नाही. तिच्या मुलीला बोलावून विचारलं. तीही म्हणाली, नाही." मावशीने कांदा उचलला, त्याचं साल काढलं. "आणि मला ते खरंच वाटेना वहिनी. त्या दोघी खरं बोलत असतील. नक्कीच बोलत असतील. पण मला तुमचा चेहरा दिसायला लागला. मी नाही दिली. ती तशीच वाकडी बोटं घेऊन गेली."

"माझ्यामुळे."

"समोरच्याच्या शब्दावर विश्वास नसेल तर माझ्याजवळ दुसरं काय आहे? मशीन नाही, रक्त तपासायची सोय नाही. मी नुसती विचारत होते." तिने पुढचा कांदा घेतला. "जा आता. त्यांची भरवायची वेळ झाली असेल."

वहिनीने हात जोडले. मावशीने मान हलवली. त्यात क्षमा होती की निरोप, ते वहिनीला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क तिने गमावला होता. बस आली तेव्हा ती चढली आणि उभ्यानेच घरी आली, बसायला जागा असूनसुद्धा.

एवढंच आहे. पुढे मुळीमावशी परत बसली असं म्हणायला मला फार आवडलं असतं, पण ती बसली नाही. तुम्ही उठण्याआधी एक मागणं आहे. देवापुढे हात जोडाल तेव्हा घड्याळजींसाठी मागा, वहिनीसाठीही मागा, तिला त्याची गरज आहे. पण सगळ्यांच्या आधी त्या बाईची आठवण काढा, जी कुणालाही औषध देण्याआधी दोनदा विचारायची आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवायची. तिचं खरं नाव गल्लीत कुणी कधी विचारलं नाही. देवाला ते ठाऊक आहे. तुम्ही नुसतं मुळीमावशी म्हणा.